कळणा

या आठवड्यात थ्री फेज रात्रीची,
म्हणून गाव दहाला दळायला येतं.
डबे ओळीत, माणसं ओट्यावर,
मी पट्टा चढवते.

पेपर येतो चोपड्याच्या नऊच्या गाडीनं,
गाडी आली तर.
त्यात जिल्हा असतो, मुंबई असते,
केळीचा कालचा भाव असतो.
आम्हाला महिन्याकाठी दोन ओळी,
त्यातही गावाचं नाव चुकतं.

गाव डब्यांत असतं.
कमलबाईचा डबा पोळ्यापासून अर्धाच येतोय.
खंडू गुजरानं आज एकाऐवजी तीन पायल्या गहू आणले,
म्हणजे पोरीला बघायला आलेले मुक्कामी राहिले,
म्हणजे जमलं.
भिलाटीतली रेशमीबाई ओलं पोतं घेऊन आली
तेव्हा मी आधी मोटर बंद केली
आणि विचारलं, पाणी कुठवर आलं?
धरणाचे दरवाजे उघडल्याचा मेसेज
त्यानंतर तासाभरानं वाजला.

मंगळवारी ग्रुपवर सुपडूअप्पांचा फोटो,
हार घातलेला,
खाली सत्तेचाळीस जोडलेले हात,
पहिला सरपंचांचा.
रात्री साडेदहाला अप्पा सायकल ढकलत आले.
कॅरिअरला डबा, ज्वारीत उडीद.
‘मी मरी गऊ म्हने?
मंग हाऊ कयना कोन खाई?’
ओट्यावरच्या बायका आधी दचकल्या, मग हसल्या.
त्यांतल्या तिघींनी हात जोडले होते.
वारले होते ते धरणगावचे सुपडू,
आडनाव तेवढं एक.

म्हटलं, थांबा अप्पा,
आधीचा मका होता, दोन मुठी काढते.
जात्यात आधीच्याचं थोडं राहतंच,
पुढच्याच्या डब्यात जातंच,
कितीही झटका, कितीही फुंका.
मला ते ठाऊक आहे, एवढंच.
पहिली मूठ मी कोंबड्यांना टाकते.
आणि कळणा सावकाश दळते.
घाई केली की पीठ तापतं,
भाकरी थापताना फाटते.

अप्पा गेले, ओटा रिकामा झाला,
उरला कमलबाईचा डबा.
ती बोलत नाही, मी विचारत नाही.
काटा अडीच किलोवर थांबतो.
तो आकडा मी वहीत लिहीत नाही,
घरातही सांगितलेला नाही.

कमलबाई हे तिचं नाव नाही.

दोनला वीज जाते.
पट्टा आणखी थोडा वेळ
आपला आपण फिरत राहतो.