चार बोटं

मिलवॉकीच्या पश्चिमेला, तीन नंबरच्या ठाण्यात
नवा बंब आलाय.
ऑर्डर देऊन अडीच वर्षं झाली, किंमत दोनदा वाढली,
नगरसभेत ड्वेन प्रुसिन्स्की दर वेळी उठून म्हणाला,
"जुना चालतोय की!"
चालत होता. उजवीकडे वळताना कण्हत.

रीत अशी, की जुन्याच्या टाकीतल्या पाण्यानं
नव्याला न्हाऊ घालायचं,
मग सगळ्यांनी मिळून हातांनी
मागे मागे ठाण्यात ढकलायचं,
घोडे सोडल्यावर गाडी ढकलत, तसं.

वीस टन. सहा कॅमेरे.
ढकलायला चौदा माणसं, एक पाद्री,
आणि बालवाडीतली एक मुलगी, प्लास्टिकच्या टोपीत.

कॅप्टन लोरेटा विंकलरनं आत बसून
हळूच रिव्हर्स टाकलाय.
सगळ्यांना ठाऊक आहे.
तरी माना खाली, बूट रोवलेले, दात आवळलेले,
जोरात कुणीच चोरी करत नाही.

ऑर्विल टेट्झलाफ मात्र बाहेर, जुन्यापाशी.
एकवीस वर्षं चालवला त्यानं.
टाकीवर टिचकी मारतो,
पोकळ आवाज ऐकतो,
रुमाल काढून आरसा पुसतो,
कोरडाच असलेला.
सोमवारी हा जाणार नॉर्थ डकोटात,
गव्हाच्या एका गावी.
तिथं याला नवा म्हणतील.

आतून आरोळी येते, "अजून चार बोटं!"

ऑर्विल एक शिवी हासडतो,
रुमाल खिशात कोंबतो
आणि खांदा द्यायला जातो.
नव्याला.