कच्चा दोरा

माझं काम तोंडं विणायचं.
पिंजऱ्यांची. नसराळ्यासारखी,
बाहेर रुंद, आत निमुळती, हिरव्या नायलॉनची.
पबनिकोच्या या टोकाला उन्हाळाभर
खिडकीच्या कडीला सुतळी अडकवून बसायचं
आणि बोटांनी गाठी मोजायच्या.
तोंडानं नाही. तोंडानं ओदिलशी गप्पा.

पिंजऱ्याला दोन खोल्या असतात.
पहिलीला आमच्याकडे स्वयंपाकघर म्हणतात,
तिथे खारवलेल्या बांगड्याची डोकी टांगलेली.
शेवंड येते, खाते, आणि पुष्कळदा
आल्या वाटेनं निघून जाते.
वीलफ्रेद म्हणायचा, दहा येतात, नऊ जेवून जातात,
आपण खानावळ चालवतो, ओबेलीन, समुद्राच्या तळाशी.
सापडते ती,
जी जेवल्यावर जरा टेकू म्हणून
पुढच्या खोलीत शिरते.
तो दिवाणखाना.

दिवाणखान्याला एक झडप, कायद्यानंच.
कापसाच्या कच्च्या दोऱ्यानं बांधलेली.
दोर तुटला, बोया वाहून गेला, पिंजरा हरवला,
तर दोऱ्यानं कुजावं, झडप पडावी,
आत असेल तिनं चालू लागावं.
बाकी सगळं टिकेल असं बांधायचं.
हा एवढा वीतभर दोरा
न टिकण्यासाठी.

त्या नोव्हेंबरात कापूस संपला.
पहाटे बोटी सुटणार, पिंजरे धक्क्यावर रचलेले,
दुकान सहालाच बंद,
आणि आतल्या खोलीत वीलफ्रेदचा तो खोकला
(मार्चपर्यंत चालला तो. मग घर शांत झालं).
शेवटचे अकरा मी नायलॉननं बांधले.
म्हटलं, कोण बघतंय.
गाठी छान बसल्या.
माझी गाठ सुटत नाही हे गावाला ठाऊक आहे.

दहा परत आले.

अकरावा आला यंदा मे महिन्यात, नऊ वर्षांनी,
रेमीच्या दोरात गुंतून.
शेवाळ, शिंपले, तारेवर गंजाचे फोड,
पण बिल्ल्यावर बापाचा नंबर लागला वाचता.
पोरानं मला धक्क्यावर बोलावलं, कौतुकानं म्हणाला,
बघ, एक गाठ ढिली नाही.

दिवाणखान्यात कवचं होती.
मी मोजली नाहीत.
आमिष कुणाला घालावं लागलं नव्हतं तिथे.
पहिली मेली ती दुसरीसाठी बांगडा झाली,
दुसरी तिसरीसाठी,
आणि खानावळ चालू राहिली
मालक गेल्यावरही.

कोपऱ्यात एक हलली.
एक नांगी नव्हती तिला.
शेपटीखाली अंडी, काळपट, मोहरीसारखी गच्च,
आणि शेपटीच्या पात्यावर जुनी खाच.
म्हणजे कधीतरी कुणीतरी हिला हातात धरून
खूण करून सोडली होती,
दुसऱ्या कुणाला कळावं म्हणून
की ही पोटुशी असते, हिला नेऊ नका.

रेमी, चाकू दे.
तो म्हणाला, वरचं दार आहे ना, ते उघड.
म्हटलं, चाकू दे.
नायलॉन पटकन तुटत नाही. माझंच काम ते.
तीनदा घसरलं पातं, अंगठ्याला लागलं,
पोरगा बघत राहिला,
त्याला वाटलं असेल, बाबांची आठवण आली.
आलीच होती. पण ते कारण नव्हतं.

पाण्यात सोडली तर ती उलटी पोहत गेली,
शेवंडांची रीतच ती,
तोंड माझ्याकडे
आणि जायचं मागं मागं,
हिरव्यातून काळ्यात.

परवा दुकानात गेले.
काउंटरवर नवा मुलगा, गॉदे घराण्यातला कुणी.
कापसाचा दोरा मागितला तर म्हणाला,
बाई, हा घ्या, मेणाचा हात दिलेला,
वर्षानुवर्षं बघायला नको.
म्हटलं, तो ठेव बाबा.
मला कच्चा दे.
सहा रिळं.
नाही, आठ दे.