मधला खटका

उद्यमनगरात, फाउंड्रीच्या भिंतीला भिंत लावून
माझं वायंडिंगचं दुकान. भट्टी पेटली की
माझ्याकडचं कॅलेंडर गरम होतं.
इथं येतं ते सगळं पाण्यातनं येतं,
पंचगंगेचा गाळ पोटात घेऊन जळालेल्या मोटरी,
शिरोळच्या, कुरुंदवाडच्या, मळ्या-मळ्यांतल्या.

त्यांत एकदा एलिया आवळे आला
टॉवेलात गुंडाळलेली गिटार घेऊन.
"आक्का, आतनं ही बी तांब्याचीच की.
खटका वर केला की घुमते, खाली केला की झणकते,
मधी ठेवला की रडकी हुते,
पडसं झाल्यागत नाकात बोलते.
पप्पांची हाय. त्यास्नी सांगू नगा, नीट करून देणाराय."

वहीत लिहिली: आवळे, नग एक.
एचपीच्या रकान्यात रेघ ओढली.

मागचं झाकण सात स्क्रूंचं, पाचच होते.
उघडलं तर आत गुलाल.
कुठल्या मिरवणुकीतला, किती सालचा,
अंधारात राहून गुलाबीच राहिलेला.
खटक्याच्या पात्या हिरव्या पडलेल्या,
तारांना औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी,
डाग सगळे जाड, घाईतले,
पाण्याच्या नळाला घालावेत तसले.
एकच डाग बारीक, गोल,
बसून, श्वास धरून दिलेला.
तो मी बघितला. बघून सोडला.

कॉइल मात्र बघत बसले.
केसापेक्षा बारीक तार, हजारो वेढे.
सासरे म्हणायचे, तार ओढायची नसते, सोडायची असते.
हे ज्यानं कुणी गुंडाळलं
त्यालाही कुणीतरी असंच म्हटलं असणार.

जुना काट्याचा मीटर काढला.
चुंबकाला पेचकस टेकवून उचलला:
पहिल्याची सुई उजवीकडं उडाली,
दुसऱ्याची डावीकडं.
म्हणजे फेज उलटी.
रोजचंच आहे. मोटर उलटी फिरते,
घोंघावते भरपूर, पाणी काही चढत नाही.
दोन तारा बदलल्या, राळेचा धूर निघाला,
खटका राजारामपुरीतनं नवा आणून बसवला.
मधी ठेवून छेडली.
भरली होती. काहिलीतल्या रसासारखी.

सोमवारी रुबेन आवळे स्वतःच आले, लुनावर.
एका रिकाम्या स्टेटरवर बसले,
खटका वर, खाली, मग मधी.
दोन सूर. थांबले.
"कुणी सरळ केली ही?"

मी म्हटलं, चूक होती.

"चूक न्हवं, बाई. ऑर्केस्ट्रात आम्ही अठरा जण.
म्होरं दोन कॉर्नेट, बाजूला ॲकॉर्डियन, मागं ढोल,
त्यात माझा जाड आवाज कुठं बुडायचा
ते माझं मलाच कळायचं न्हाई.
इचलकरंजीत एका रात्री स्टेजमागं बसलो,
भेळवाल्याच्या स्टोवर पेचकस तापवला
आन् एक तार फिरवली.
बारीक झाली. पर सुईगत झाली.
घरी आल्यावर बायको म्हणली,
आज तू हुतास व्हय तिथं?
सहा वर्सं वाजवत हुतो त्याच्या आदी."

एलिया फाउंड्रीकडं तोंड करून उभा.
"आमच्या चर्चमधी चौघंच वाजवत्यात, पप्पा," म्हणाला.
"मग चौघांत ऐकू दे," म्हातारा म्हणाला.

मी परत गन तापवली.
तोच डाग, त्याच जागी,
त्यांच्याइतका गोल काही आला नाही माझा.
पैसे खटक्याचे तेवढे घेतले.

झाकण लावायच्या आधी
आतल्या लाकडावर पेन्सिलीनं लिहिलं,
पुढं जो कुणी उघडेल त्याच्यासाठी:
तार उलटी आहे. असू दे.

दोन स्क्रू कमी होते, ते माझ्या डब्यातले घातले, पंपाचे.
जरा लांब आहेत.
गुलाल तसाच ठेवला.