वेबिलच्या कोऱ्या बाजूवर

तिकिटाचं मशीन आल्यापासून
जुन्या वेबिलचा गठ्ठा घरी पडून आहे.
मागची बाजू कोरी.
रात्री तिच्यावर मी आकडे मांडतो,
चोपड्यात, गच्चीवर,
तापलेल्या स्लॅबला दोन बादल्या पाणी पाजून.
चार कोपऱ्यांत गंजक्या सळ्या उभ्या,
हर्षलच्या मजल्यासाठी सोडलेल्या.
हर्षल सुरतेला, साड्यांच्या प्रोसेस हाऊसमध्ये.

नोकरी उरली दोन वर्षं सात महिने.
पुढे पेन्शन, चार हजार एकशे सत्तर.
आकडा लिहिला, खाली रेघ ओढली,
रेघेखाली काय लिहायचं, सुचेना.

जन्मभर लोकांचे टप्पे मोजले मी.
अडावदचे इतके, धानोऱ्याचे इतके,
विदगावचा पूल ओलांडला की जळगावचे इतके.
कुठं उतरणार, हे विचारल्याशिवाय
एकाला तिकीट फाडलं नाही.
स्वतःला मात्र विचारायचं राहून गेलं.

मंगळवारी गाडीत हिलाल अण्णा असतात.
पासष्टी उलटली, अर्धं तिकीट.
आमच्याच डेपोचे. फंडाची सगळी रक्कम
एका पतसंस्थेत ठेवली, एकाच पावतीवर, चौदा टक्क्यांनी.
चेअरमनने शाल घातली होती, नारळ दिला होता.
आता तिथल्या शटरवर
कोचिंग क्लासची जाहिरात चिकटलेली आहे.
अण्णा जळगावला जातात, अर्जाची पोच घेतात, परत येतात.
पिशवीत पिशवी, तिच्यात पावती.
"मना पैसा कव्हय भेटतीन भो?"
मी काय सांगणार?
सुटे दिले. दोन रुपये जास्त गेले,
ते रात्री हिशेबात माझ्या खिशातून भरले.

कोकिळा वर आली, वाळलेले बिबडे डब्यात भरायला.
कागद मागितला. दिव्याखाली धरून बराच वेळ वाचला.
"डब्यात किती भरले, तेवढंच लिवलंय तुम्ही.
पावसाळ्याला किती, पाहुण्याला किती, तेबी आहे.
मोडणारे कुठं धरले?"
मी म्हटलं, मोडणारे कोणते?
"दवाखाना. माझा गुडघा. मोटार जळणं.
आनि तेल आज या भावात, दहा वर्षांनी कोणत्या?"
मग डब्याचं झाकण दाबत, माझ्याकडे न बघता,
"तुम्ही पहिले गयात ते? मंग मले कितला?"

असा प्रश्न प्रवासी विचारत नाहीत.
नियम मला पाठ होता.
दोन हजार पंच्याऐंशी, मी म्हणालो.
"म्हंजे अर्धं तिकीट," ती म्हणाली,
आणि आम्ही दोघं हसलो. का, माहीत नाही.
शेजारच्या कुलरचं पाणी संपलं होतं,
तो नुसताच घरघरत होता.

रविवारी हर्षलला फोन केला.
म्हटलं, मजला नको बांधू म्हणतो,
सिमेंटचे पैसे तुझ्या आईच्या नावे पोस्टात टाकतो,
थोडे बँकेत. एका जागी काही ठेवत नाही.
तो इतक्या पटकन "नकाच बांधू पप्पा" म्हणाला
की थोडं लागलंच.
त्यानं तिकडं फ्लॅट बघितला आहे. हप्ते वीस वर्षांचे.
वीस वर्षं! मी मनात टप्पे मोजत राहिलो,
तो बोलत राहिला.

सळ्या कापायला माणूस बोलावला होता.
कोकिळाने परत पाठवला.
दोन सळ्यांना दोरी बांधली,
त्यावर माझा खाकी शर्ट वाळतो.
अजून दोन वर्षं सात महिने वाळेल.

कागद परत माझ्याकडे आला तेव्हा
रेघेखाली तिच्या सातवीतल्या अक्षरात
एक शब्द होता, "मोडलेले",
आणि पुढची जागा रिकामी.
पहाटे साडेपाचची गाडी होती.
कागद घडी करून सुट्ट्यांच्या पिशवीत टाकला,
आणि निघालो.