सॅड

बेकपच्या चढावर, दगडी घरांच्या रांगेत शेवटून दुसरं दार
विनिफ्रेड ऑरमरॉडचं.
वाऱ्याने आपटू नये म्हणून ती त्याला
एक लोखंडी इस्त्री टेकवून ठेवते.
भरीव, काळी, सासूच्या वेळची.
तिचं नाव सॅड-आयर्न.
मी विचारलं, इस्त्रीला कसलं आलंय दुःख?
ती म्हणाली, उचलून बघ.

उचलली.
शब्दकोशात बारीक टायपात होतं
ते मनगटाला आधी कळलं:
सॅड म्हणजे जड.
आणि त्याच्याही आधी, पार तळाशी,
सॅड म्हणजे पोट भरलेला.
ताटावर हात आडवा धरून
नको, आता खरंच नको, म्हणणारा.

मग तिथून इथवर आला कसा?
मला वाटतं असा:
तुडुंब जेवलेला सुस्तावतो,
सुस्तावलेला कंटाळतो,
कंटाळलेला गंभीर दिसायला लागतो,
गंभीर माणसाला लोक विचारतात, काय झालं रे?
आणि विचारल्यावर
कुणालाही काहीतरी झालेलं असतंच.

वाटेत त्याने बरेच उद्योग केले.
गडद, मातकट कापडाचा रंग झाला.
न फुगलेल्या पावाचं नाव झाला.
आणि परवा-परवा, टॅमसिनच्या तोंडी,
आणखीच काहीतरी.
सिरिल आजोबा खिडकीत बसून
चाळीस वर्षं बसगाड्यांच्या वेळा वहीत लिहायचे.
ती म्हणायची, किती सॅड आहात हो तुम्ही!
म्हणजे कीव यावी असे.
त्या वह्या आता तिच्याच खोलीत आहेत, एकोणीस.
शेवटच्या पानावर:
४६४, सात मिनिटं उशिरा. ड्रायव्हर नवा.

सिरिलला पोचवून आलो त्या संध्याकाळी
विनिफ्रेडने कोट न काढताच पीठ मळलं.
मैदा, चरबी, मीठ, मूठभर बेदाणे.
यीस्ट नाही, सोडा नाही.
लाटायचं, भाजायचं, लोणी लावायचं.
गिरणीतल्या बाया डब्यात न्यायच्या हा सॅड केक.
कुणी मेल्यावर करायचा असं काही नाही,
ती दर गुरुवारी करते.
तो गुरुवार होता.

रात्रपाळीची नर्स होती, आइसलंडची, ह्राफ्नहिल्दुर.
(सिरिल तिला हिल्डा म्हणायचा, ती ओ द्यायची.)
तिसऱ्या तुकड्याला तिने हात आडवा केला
आणि तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली.
आम्हा सगळ्यांना ऐकू आलं: सॅड.
टेबल गप्प.
अशा घरी म्हणतातच सगळे.

नाही नाही, ती म्हणाली, पोट भरलं माझं.

तिच्याकडे हा शब्द
अजून जेवणावरून उठलेलाच नाही.
आणि म्हातारं माणूस गेलं की
तिकडे म्हणतात, सद्दुर लीवदागा:
दिवस पोटभर जगून झालेला.
विनिफ्रेडने ते दोनदा म्हणायला लावलं.
मग सुरी पुसत राहिली, पुसलेलीच.

तुझ्या भाषेत काय म्हणतात? टॅमसिनने मला विचारलं.
दुःखी, मी म्हटलं. उदास. खिन्न. विषण्ण.
सगळे कडक इस्त्रीचे,
एकाच्याही हाताला पीठ नाही.
खूप उशिरा, जिन्यावर, मला आठवलं
की आमच्याकडे ऊर भरून येतो,
डोळे भरतात, गळा दाटतो,
निघताना पाय जड होतात.
आम्हीही आधी भरतो.
पण तोवर टॅमसिन झोपली होती,
आणि जिन्याला काय सांगणार?

सकाळी विनिफ्रेडने उरलेला तुकडा कागदात बांधून दिला.
फुगला नाहीये ना?
नाही, मी म्हटलं.
मग जमलाय, ती म्हणाली,
आणि पायानेच इस्त्री सरकवून
दार उघडं धरलं.