उलटा डबा

रविवारी कुपोला बंद.
उद्यमबागेत राख गार पडलेली,
आणि मी, शट्टुप्पा, मोल्डर, वय बावन्न,
दुधाच्या पावडरीचा एक रिकामा डबा काखेत मारून
गल्लीतली चार पोरं मागं लावून
राकसकोपच्या माळावर.

सहा दिवस लोखंडाचं पाणी ओततो.
सातव्या दिवशी हातात
बुटाच्या पॉलिशची डबी.

आधी पुठ्ठा, म्हटलं. खोक्याचा, नळ्यानळ्यांचा.
डबीच्या काठाएवढ्या रुंद पट्ट्या.
भैरूच्या पट्ट्या मार्कंडेय नदीसारख्या,
ऐमनच्या फूटपट्टी लावून.
गुंडाळत गुंडाळत
चकलीसारख्या डबीत बसवल्या.
फ्लेव्हीनं फ्रॉकच्या खिशातनं काढली
चर्चमधल्या मेणबत्त्यांची थोटकं.
"फादरना विचारलंय," तिनं
कुणी न विचारताच सांगितलं.

मेण मी वितळवलं. तीन दगड, काटक्या,
पाण्याच्या भांड्यात वाटी.
पोरं चार पावलं मागं;
एवढं तरी भट्टीनं शिकवलंय.
"मामा, हीच चूल झाली की मग!" ऐमन म्हणाली.
मी ऐकलं नाही असं केलं.

डबा दानम्मानं धरला होता.
गोकाककडनं आलेली, महिना झाला,
गल्लीच्या टोकाला भाड्याची खोली,
मराठी अजून तिच्या जिभेवर चढलेली नाही.
रंग जाळला तेव्हा डब्यावरची
अर्धी कन्नड अक्षरं गेली, अर्धी राहिली;
त्यांच्यावरनं ती बोट फिरवत होती.
खाली दार कापलं, पत्र्याची धार आत वळवून ठोकली.
डबा पालथा ठेवल्यावर ती हसली.
"ओले," म्हणाली.
भैरूनं पुठ्ठा चाचपला, काटक्या चाचपल्या.
"कुठं ओलं? खणखणीत वाळलंय गा!"
चूल म्हणाली ती, मी सांगितलं.
त्यांच्यात ओले म्हणजे चूल.
भैरूला हे काही पटलं नाही.

काडी लावली.
डबी पेटली, वर डबा पालथा घातला,
आणि दारातनं काळा धूर माझ्याच तोंडावर.
विझली.
परत लावली. विझली.
"विझूलालंय मामा," भैरू म्हणाला,
मला दिसत नसल्यासारखं.

"मेले," दानम्मा म्हणाली.
"व्हय, मेलं. तिसऱ्यांदा मेलं," भैरू.
"मेले!" ती आता रागानं,
एक बोट वर करून.
मी आभाळाकडं बघितलं. एक घार होती.

तीस वर्षं फाउंड्रीत कन्नड बोलतोय,
तरी कान पहिल्यांदा मराठीतच ऐकतो.
मेले म्हणजे वर.
वर, डब्याच्या अंगाला, भोक नाही.
धुरानं जायचं कुठनं?

अरे शट्टुप्पा!
रोज वाळूच्या साच्याला सुई टोचून
वाफेला वाट करून देतोस,
नाही दिली तर ओतलेलं लोखंड उसळून अंगावर येतं
हे नव्या पोरांना ओरडून सांगतोस,
आणि डब्याला विसरलास.

खिळा, दगड, पाच भोकं.
पाचवं दानम्मानं पाडलं, जरा वाकडं,
धूर सगळ्यात जास्त त्यातनंच गेला.
ज्योत अशी सरळ उभी राहिली
की कुणी काही बोललंच नाही.

मग डब्याच्या बुडावर तेलाचा थेंब,
रताळ्याच्या चकत्या, मीठ, चटणी.
पहिली चकती करपली, कुत्र्याला दिली,
त्यानं हुंगून ठेवली.
दुसरी चौघांत.
नंतर हिशेब राहिला नाही.
चिमट्याची पाळी कुणाची यावर भांडण झालं,
दोन भाषांत आणि थोडं रडण्यात.
फ्लेव्हीनं मध्ये पडून चिमटा मलाच दिला.

परतताना भैरू दिसेल त्याला बोट दाखवत होता.
घार: मेले. विजेची तार: मेले.
पाण्याच्या टाकीवर चढलेला माणूस: मेले!
लोक वळून बघत होते.

सोमवारी साच्यात सुई टोचताना
माझ्याही तोंडातनं गेलं.
शेजारचा नवा पोरगा दचकला,
हातातली वाळू सांडली त्याची.
"कोण गा मामा?"