सोमवारपर्यंत मसुदा

मुख्याध्यापक म्हणाले, एआयचे नियम सोमवारपर्यंत पाहिजेत,
पानभर, टाइप करून, खाली सही.
म्हणून रविवारी दुपारी उदगीरच्या या रिकाम्या स्टाफरूममध्ये
मी, आणि नववी ‘ब’चे एकेचाळीस निबंध:
‘माझे गाव’.

तेवीस गावांतून नदी खळाळत वाहते.
तेवीस गावांत पहाटे कोकिळा साद घालते
आणि शेवटी सगळीच गावं
‘परंपरा आणि प्रगती यांचा सुंदर संगम’ होतात.
त्यातली सोळा मी पाहिलीत, पटनोंदणीला गेलो तेव्हा.
नदी कुठं आडवी आली नाही.

पहिला नियम लिहिला: मोबाइलला विचारू नये.
खोडला. ‘विचारू नये’ असं शाळेनंच कसं म्हणावं?
दुसरा: विचारलं तर तसं सांगावं.
हा ठेवला.
तिसऱ्याला पेन अडलं. शुक्रवारी रेवणसिद्ध उठून म्हणाला होता,
‘सर, तुम्ही देताव त्या नोट्स तरी तुमच्या हायत का?’
वर्ग हसला. मीही हसलो, जरा उशिरा.
गाइडातून उतरवलेली ती वही
अठरा वर्षं याच ड्रॉवरमध्ये आहे.

मग रविना राठोडचा निबंध हाती आला.
घरी गोरमाटी बोलते.
मागच्या वर्षी तिनं लिहिलं होतं,
‘लाईट आली की तांड्यावर समदे गप बसतेत,
टीव्ही बोलायलाय म्हणून.’
‘समदे’खाली लाल रेघ.
‘बसतेत’खाली लाल रेघ.
‘बोलायलाय’भोवती गोल, समासात: शुद्ध लिहा.
दहापैकी चार.

यंदा शुद्ध लिहिलंय.
नदी, कोकिळा, संगम.
रेघ मारायला कुठं जागाच नाही.

खरं सांगायचं तर
नियम मीही मोबाइलला विचारले.
‘पारदर्शक, जबाबदार, विद्यार्थिकेंद्री’,
आठ मुद्दे, चहा निवायच्या आत.
माझ्यापेक्षा बरे होते.
पुसताना अंगठा थोडा रेंगाळला.

सत्तारभाई कुलूप घेऊन दारात:
‘झालं का सर?’
‘तिसरा राहिलाय.’
‘लिहा की काय बी. फलक कोण वाचायलंय?’

मसुद्याखाली, सहीच्या जागेवर
रविनाचं ते जुनं वाक्य उतरवून बघतोय.
वही तर रद्दीत गेली.
‘बोलायलाय’ होतं की ‘बोलूलालाय’?
तिलाच विचारायला पाहिजे.
तिला तरी आठवत असेल का?